सातव्या वर्षी कोण सांभाळणार?

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या बैठकीला मी सल्लागार म्हणून बसलो होतो. संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर मोडीत काढून नवं करायचं ठरलं आहे आणि तीन तरुण डेव्हलपर आपापले प्रस्ताव घेऊन आले होते. एकाला नेक्स्ट-जेएस हवं होतं, दुसऱ्याला लाराव्हेल, तिसऱ्याला गो भाषेतलं एक अगदी ताजं फ्रेमवर्क. ही तिन्ही फ्रेमवर्कंच, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यावर बांधायचं ते तयार सांगाडे. तिघंही कामात चोख, अभ्यास करून आलेले. पुढचे तीन तास वाद रंगला तो सेकंदाला कोण किती रिक्वेस्ट (सर्व्हरकडे येणाऱ्या मागण्या) झेलतं, गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर कुणाला किती स्टार आहेत आणि बंगळुरूत कशाला जास्त पगार मिळतो यावर. संचालक मंडळ ऐकत होतं. अधूनमधून चेअरमन विचारत, "मग यातलं चांगलं कुठलं?" आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. हे सॉफ्टवेअर सात वर्षांनी ज्याच्या हाती असेल, त्या माणसाबद्दल त्या खोलीत एकही वाक्य बोललं गेलं नाही. मला ते फार लागलं, कारण जुनं सॉफ्टवेअर मेलं ते नेमकं याच कारणानं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. वेग, लोकप्रियता, आधुनिकता हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न सांभाळणाऱ्याचा. ज्यानं हे काम केलं तो निघून गेल्यावर, त्याच परिसरात, संस्थेला झेपेल एवढ्या पैशात, दुसरा कुणी ते उघडून दुरुस्त करू शकेल का? या कसोटीवर आपल्याकडच्या बहुतेक कामांसाठी, म्हणजे पतसंस्था, शाळा, वाचनालयं, दवाखाने, दूधसंघ, लहान कारखाने यांच्यासाठी, पायथन भाषेतलं जँगो, पीएचपीतलं लाराव्हेल किंवा रुबीतलं रेल्स यांसारखं दहा-वीस वर्षं टिकलेलं आणि सगळा संसार सोबत घेऊन येणारं फ्रेमवर्क हीच योग्य निवड ठरते. त्याहून नवं काही घ्यायचं असेल तर ते का, हे नवं सुचवणाऱ्यानं पटवून द्यावं. आज मात्र जुनं सुचवणाऱ्यालाच आरोपीसारखं उभं राहावं लागतं.

जुनं सॉफ्टवेअर २०१५ साली झालं. ते करणाऱ्या कंपनीनं समोरच्या, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला अँग्युलर-जेएस हे फ्रेमवर्क घेतलं, मागे सर्व्हरवर नोड. त्या वर्षी तेच शहाणपणाचं दिसत होतं. गूगलनं २०१० मध्ये आणलेलं, शिकण्याचं साहित्य भरपूर, नोकरीच्या जाहिरातींत सगळीकडे नाव. लोकप्रियता हीच कसोटी धरली तर अँग्युलर-जेएसला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण त्याच्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०१४ मध्येच जाहीर केलं होतं, की पुढची आवृत्ती मुळापासून वेगळी असेल. ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि जुना कोड तिच्यात चालत नव्हता. ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्याचा अधिकृत सपोर्ट संपला. म्हणजे त्यानंतर सुरक्षेचं भगदाड सापडलं, तरी गूगल ते बुजवणार नव्हतं. ज्या बोवर नावाच्या साधनातून लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच, आणल्या होत्या, ते नव्या कामाला वापरू नका असं त्याच्या कर्त्यांनीच २०१७ मध्ये सांगून टाकलं.

दरम्यान ती कंपनी दुसऱ्या व्यवसायात गेली. २०२३ मध्ये संस्थेला दरमहा व्याज देणारी नवी ठेव योजना आणायची होती. हिशेबातला बदल जेमतेम पन्नास ओळींचा. तो कोड माझ्याकडे आला तेव्हा बदल करणं दूरच, नव्या मशिनवर तो नुसता उभा करायला अकरा दिवस गेले. नोडची जुनी आवृत्ती शोधायची, तिला चालतील अशा लायब्रऱ्या शोधायच्या, त्यातल्या काही आता मिळत नाहीत म्हणून पर्याय बसवायचे, आणि एक बसवला की दुसरं काहीतरी निखळायचं. शेवटी संस्थेनं नाद सोडला आणि व्यवस्थापकबाईंनी ती योजना एक्सेलमध्ये चालवायला घेतली. आजही त्या ठेवीदारांच्या नोंदी दोन ठिकाणी आहेत. ३१ मार्चला दोन्हींचा मेळ हातानं घालावा लागतो. मी स्वतः रात्री साडेअकरापर्यंत त्या टेबलाशी बसलो आहे, आणि २०१५ च्या त्या निवडीची किंमत कोण मोजतंय हे तिथं स्पष्ट दिसत होतं. निवड करणाऱ्यांपैकी तिथं कुणीच नव्हतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. भविष्य कुणाला दिसतं? जुन्या, भरवशाच्या गोष्टीही मोडतात. पायथन दोनवरून तीनवर येताना जँगो वापरणाऱ्यांचेही हाल झालेच की. झाले, हे मान्य. पण ते कसे झाले ते पाहू. पायथन तीन आलं डिसेंबर २००८ मध्ये आणि पायथन दोन थांबलं १ जानेवारी २०२० ला. मध्ये अकरा वर्षं होती. २०१७ ची जँगोची १.११ ही आवृत्ती दोन्ही पायथनांवर चालत होती, त्यामुळे अलीकडच्या काठावर उभं राहून एकेक पाऊल पलीकडे टाकता आलं. अँग्युलरमध्येही जुनं आणि नवं एकत्र चालवण्याची सोय दिली गेली होती, पण स्क्रीन मात्र एकेक करून नव्यानं लिहावा लागत होता. बदल कुठंच टळत नाही. नदीवर पूल आहे की पोहून जायचंय, हा फरक आहे, आणि तो आधी पाहता येतो. एखाद्या फ्रेमवर्कनं आजवर मोठे बदल कसे केले, जुन्या वापरकर्त्यांना किती मुदत दिली, याचा इतिहास उघड असतो. ज्याला अजून इतिहासच नाही, त्याच्याबद्दल मात्र नुसत्या आशेवर राहावं लागतं.

आता वेग. बैठकीत ज्या आलेखांवर बोटं ठेवली जात होती ते टेकएम्पॉवर या कंपनीच्या चाचण्यांचे. २०१३ पासून त्यांनी शेकडो फ्रेमवर्कांची तुलना प्रसिद्ध केली आणि ते काम मेहनतीचं आहे. पण त्यातल्या एका चाचणीत सर्व्हरनं फक्त 'हॅलो, वर्ल्ड' एवढंच उत्तर द्यायचं असतं. त्या चाचणीतल्या लाखांच्या आकड्यांचा पतसंस्थेशी काय संबंध? साधा हिशेब करू. सगळ्या शाखा मिळून चाळीस काउंटर धरा. प्रत्येक काउंटरवर मिनिटाला एक व्यवहार आणि एका व्यवहारामागे वीस रिक्वेस्ट, म्हणजे हात सैल सोडूनच धरलं. मिनिटाला ८००, सेकंदाला साधारण १३. त्या खोलीत नाव निघालेलं कुठलंही फ्रेमवर्क, भाड्याच्या लहानशा सर्व्हरवरसुद्धा, एवढं सहज ओढतं. अशा कामांत वेळ जातो तो डेटाबेसपाशी. रोजकीर्द निघायला पाऊण मिनिट लागतं म्हणून फ्रेमवर्क बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तारखेच्या रकान्यावर एक इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठीची सूची, टाकल्यावर तीच रोजकीर्द क्षणात आलेली पाहिली आहे.

पण उद्या भार शंभरपट वाढला तर? हा या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्याला ट्विटरचं उदाहरण हमखास जोडलं जातं. २००६ मध्ये रेल्सवर सुरू झालेलं ट्विटर पुढे वारंवार कोलमडायचं. पक्ष्यांनी उचलून धरलेल्या देवमाशाचं चित्र तेव्हा लोकांना पाठ झालं होतं, आणि अखेर त्यांनी आतली यंत्रणा टप्प्याटप्प्यानं स्काला आणि जावा या भाषांवर नेली. हे सगळं खरं आहे. पण त्याच दशकातलं इन्स्टाग्राम पाहा. ते जँगोवर उभं राहिलं. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकनं ते विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथं अवघी तेरा माणसं होती आणि वापरणारे सुमारे तीन कोटी. पुढे ही संख्या शंभर कोटींवर गेली तेव्हाही जँगो होतंच, अर्थात बरंच बदलून घेतलेलं. दोघांच्या भाषा, रुबी आणि पायथन, जवळपास सारख्याच संथ. मग भाराचा प्रश्न फ्रेमवर्क ठरवतं, की कामाची मांडणी? आणि ट्विटरला यंत्रणा बदलणं परवडलं ते कशामुळे? आधीच्या साधनानं त्यांना भराभर वस्तू उभी करू दिली, लोक आले, पैसा आला, म्हणूनच ना?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दहावीच्या निकालाचं घ्या. दुपारी एक वाजला की पंधरा लाखांच्या आसपास मुलं, त्यांचे आईबाप, काका-मामा एकाच वेळी बैठक क्रमांक टाकतात. भार म्हणावा तर हा! पण क्षणभर विचार करा, त्या उत्तरात काय असतं? एकदा जाहीर झालेला निकाल त्या दुपारी मिनिटामिनिटाला बदलत नाही. प्रत्येक क्रमांकाचं पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येतं आणि एक वाजता ते नुसतं उचलून द्यायचं, तेही निरनिराळ्या शहरांत ठेवलेल्या सर्व्हरांवरून. तयार पान उचलून द्यायला कुठलंच फ्रेमवर्क लागत नाही. राज्यातल्या सर्वांत गर्दीच्या अशा दुपारीही उत्तर फ्रेमवर्कच्या बाहेर सापडत असेल, तर वाळवा तालुक्यातल्या शाखेसाठी आपण आलेख कशाला उघडतो?

निवड चुकली तर मागे काय उरतं, हे मराठीत लिहिणाऱ्यांइतकं फार थोड्यांना कळलं असेल. संगणकावर मराठी आली ती श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांच्या पाठीवर बसून. त्यांचे उपकार मोठे आहेत. छापखाने, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, सरकारी कचेऱ्या यांचा कारभार त्यांच्यावर चालला. पण प्रत्येकाची अक्षरांची जागा वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या घरांत प्रत्येकानं आपापल्या सोयीनं देवनागरी वळणं बसवली होती. फॉन्ट काढून घेतला की 'महाराष्ट्र' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसायची. प्रत्येक अक्षराचा एकच क्रमांक सगळ्यांसाठी ठरवणारा सामायिक संकेत नव्हता असंही नाही. इस्की हे भारतीय मानक १९९१ चं आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरी अनेक ठिकाणी पुढची दहा-पंधरा वर्षं त्या त्या फॉन्टमध्येच टंकलेखन चालू राहिलं, कारण हाताला ते वळण पडलं होतं आणि विंडोजसारख्या प्रणालींत युनिकोड देवनागरीची सोय उशिरा आली. त्या काळातले प्रबंध, निवेदनं, अंक आज शोधायला जा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात, आणि मग माणूस बसवून पानंच्या पानं तपासावी लागतात. मजकूर साधनाच्या पोटात अडकला की काय होतं, ते हे. ज्यांनी आपला मजकूर सामायिक संकेतात ठेवला, त्यांनी नंतर हवं ते सॉफ्टवेअर बदललं.

म्हणून माझ्या मते फ्रेमवर्कच्या आधी डेटाचं ठरवायला हवं. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडलेली तक्त्यांची कल्पना आणि १९८६ मध्ये मानक झालेली, त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा आजही तशीच वाचता येते. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये साध्या, नीट नावं दिलेल्या तक्त्यांत ठेवलेली सभासदांची नोंद दहा वर्षांनी कुठल्याही भाषेतून, कुठल्याही फ्रेमवर्कमधून उघडता येईल. टिकलेली फ्रेमवर्कं मी सुचवतो त्यामागे हेही कारण आहे. ती अशा तक्त्यांभोवतीच बांधलेली आहेत आणि तक्त्यांत झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास कोडसोबत जपतात. सांगलीच्या त्या बैठकीत एकवीस हजार सभासदांच्या नोंदी कशा ठेवायच्या, यावर पाच मिनिटंही गेली नाहीत.

"सगळ्यांनी असाच विचार केला असता तर जँगो तरी कुठून आलं असतं?" गो भाषा सुचवणाऱ्या मुलानं मला बैठकीनंतर विचारलं. चांगला प्रश्न आहे, आणि रागानं नव्हे, कळकळीनं विचारलेला. जँगोही कधीतरी नवंच होतं. पण ते जन्मलं कसं? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या लहान शहरात एक वर्तमानपत्र आहे. तिथं एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ मध्ये वर्तमानपत्राच्या वेबसाइटचं काम करत होते. बातमीच्या मुदतीत, काही तासांत, पानं उभी करावी लागायची. पुन्हा पुन्हा करावं लागणारं काम त्यांनी एकत्र केलं आणि दोन वर्षं रोजच्या वापरात घासून निघाल्यावर, २००५ मध्ये, ते जगासाठी खुलं झालं. जँगोतला तयार ॲडमिन विभाग आला तो संपादकांना कोडला हात न लावता मजकूर भरता यावा म्हणून. रेल्सही बेसकँप या चालत्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेलं, आणि स्क्रीन बांधायचं रिॲक्ट फेसबुकच्या स्वतःच्या अडचणीतून आलेलं. या तिन्हींच्या कर्त्यांसमोर एक खरी गरज होती आणि उपलब्ध साधनांत ती भागत नव्हती. तशी गरज तुमच्यापुढे असेल तर नवं जरूर घ्या, नवं बनवासुद्धा. पण ठेवीवरचं व्याज आणि कर्जाचे हप्ते काढण्यात अशी कुठली गरज आहे, जी जुन्यानं भागत नाही?

माणसं मिळण्याचा मुद्दा मला अधिक अवघड वाटतो. तरुणांना जुन्यात काम करायचं नसतं, कारण पुढच्या नोकरीत त्याला मोल नाही असं त्यांना वाटतं, आणि ते अगदीच चूकही नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीनं स्वतःचा बायोडेटा बघू नये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? घरचं कर्ज तिलाही फेडायचं असतं. पण मग हेही उघडपणे मान्य करू, की अशा वेळी निवड डेव्हलपरच्या भविष्यासाठी होते आणि तिचे पैसे संस्था देते. ग्राहकाला हे सांगितलं जात नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय 'माणसं मिळतात' म्हणजे कुठे मिळतात? जगभरात लाखो लोक नेक्स्ट-जेएस जाणतात, ठीक. त्यातला कोण ईश्वरपूरला (पूर्वीच्या इस्लामपूरला), या संस्थेच्या एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या पैशात, मार्चअखेरीला फोन उचलणार आहे? पीएचपी जाणणारी मुलं मला सांगली-मिरजेत, कोल्हापुरात, कराडात भेटतात. तिथल्या कॉलेजांतून पायथन शिकवलं जातं. मोजायचीच असतील तर माणसं पन्नास किलोमीटरच्या परिघात मोजावीत. आणखी एक. भाषा येणाऱ्या माणसाला तिच्यातलं जुनं, नीट दस्तावेज असलेलं फ्रेमवर्क काही आठवड्यांत हाताला बसतं. थकबाकी कशी धरतात, जामीनदाराची नोंद कुठे लागते, लाभांश कसा वाटतात, हे कळायला वर्ष जातं. अवघड भाग तो आहे, आणि फ्रेमवर्क अनोळखी असेल तर त्या भागासाठी ताकद उरत नाही.

राहिला स्क्रीनचा मुद्दा. लोकांना आता मोबाइल ॲपसारखा चटपटीत अनुभव हवा, जुनी फ्रेमवर्कं पानं पाठवतात आणि दर क्लिकला पान नव्यानं येतं, असं म्हणतात. नकाशा, बसमधल्या जागांची निवड, एकाच वेळी अनेकांनी लिहायचा दस्तावेज, अशा ठिकाणी हे पूर्ण खरं आहे आणि तिथं रिॲक्ट किंवा त्याच जातीचं व्ह्यू घ्यावंच. पण त्याची खरी किंमत काय, हे समजायला मला नेहमी बार्शी लाइट रेल्वे आठवते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटांची अरुंद लाइन सुरू केली. ती निवड विचारपूर्वक होती. कमी खर्चात बांधता आली, पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांना घेऊन गेली, लातूरला पोचली, मिरजेला पोचली आणि शतकभर चालली. पण कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूरचा मोठा रूळ होता. तिथं प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागे. शेवटी सगळी लाइन उखडून ब्रॉडगेज केली. समोरची आणि मागची बाजू दोन वेगळ्या प्रोग्रामांत फोडली, की आपणही एक कुर्डुवाडी बांधतो. प्रत्येक माहिती तिथं उतरते आणि चढते. सभासदाचा मोबाइल नंबर दहा आकडी आहे का, हे दोन ठिकाणी तपासायचं, लॉगिन दोन ठिकाणी सांभाळायचं, अपडेटही दोन वेळापत्रकांनी करायचे. डोंगर-दऱ्यांमुळे अरुंद रूळच हवा असेल तर ही हमाली सोसावी. फॉर्म भरणं, यादी पाहणं, पावती छापणं एवढ्यासाठी ती कशाला? वर गावाकडच्या स्वस्त मोबाइलवर, दोन काड्यांच्या नेटवर्कवर, मोबाइलमध्येच चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडचा मोठा गठ्ठा उतरवून चालवण्यापेक्षा सर्व्हरनं पाठवलेलं तयार पान लवकर दिसतं, हे कुणीही स्वतः करून पाहावं.

'आता एआय कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये कोड लिहून देतं, मग निवडीनं काय फरक पडतो?' असं अलीकडे ऐकू येतं. ही साधनं मी रोज वापरतो. ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं उघड चर्चा आणि कोड साचला आहे, तिथं ती बरं लिहितात. सहा महिन्यांपूर्वी बदललेल्या फ्रेमवर्कमध्ये ती बिनधास्त जुनीच पद्धत लिहून मोकळी होतात. आणि लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे ओळखायला ते फ्रेमवर्क जाणणारा माणूस लागतोच. ठेवीदाराच्या व्याजात चूक निघाली तर त्याच्यासमोर उभं राहायलाही माणूसच लागतो.

जुनं म्हणजे आपोआप योग्य, असं माझं म्हणणं नाही. लासलगावसारख्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव हजारो शेतकऱ्यांना मोबाइलवर त्याच क्षणी दाखवायचा असेल, तर मी एलिक्सिर भाषेतल्या फिनिक्स या फ्रेमवर्कचा गंभीरपणे विचार करेन. ते ज्या अर्लांग या भाषेच्या पायावर उभं आहे, ती एरिक्सन कंपनीनं टेलिफोन एक्सचेंजसाठी घडवली आणि व्हॉट्सॲपनं तिच्यावरच आपला डोलारा उभा केला. असंख्य जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवणं हा तिचा पिढीजात धंदा. तिथं गरज बोट ठेवून दाखवता येते. पण तेव्हाही मी संस्थेला लेखी सांगेन, की हे जाणणारी माणसं इथं कमी आहेत, दोघांना शिकवावं लागेल आणि त्याचा खर्च हा.

जुन्यातही डोळे उघडे ठेवावे लागतातच. जँगोची दीर्घ सपोर्टची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला तीन वर्षं सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) मिळतात. ४.२ एप्रिल २०२३ ची, ५.२ एप्रिल २०२५ ची. लाराव्हेलची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि तिला दोन वर्षं पॅच मिळतात. म्हणजे सात वर्षांत जँगोवर तीनेक मोठे अपडेट आणि लाराव्हेलवर त्याहून जास्त. या तारखा आज माहीत आहेत, मग त्या करारात का नसाव्यात? एएमसीत 'दुरुस्ती' असा मोघम शब्द असतो. त्याऐवजी कुठल्या वर्षी कुठल्या आवृत्तीवर जायचं आणि त्याचे किती पैसे, हे लिहून घ्या, असं मी संचालकांना सांगितलं आहे. चेअरमननी ते टिपून घेतलं.

पुढची बैठक १५ तारखेला आहे. तोवर तिघांनी आपापल्या फ्रेमवर्कमध्ये छोटा नमुना करून आणायचा: सभासद, ठेव, पावती, बस्स. बैठकीत नमुन्यांची अदलाबदल होईल. प्रत्येकाला दुसऱ्याचा कोड आणि कोरा लॅपटॉप मिळेल. कोड लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, सोबत दिलेल्या सूचना वाचूनच काम करायचं. तो नमुना उभा करायचा आणि त्यात दरमहा व्याजाची तीच ठेव योजना घालायची, जी २०२३ पासून एक्सेलमध्ये पडून आहे. वेळ व्यवस्थापकबाई लावणार आहेत.